स्वस्त कंडेन्सर माईक आणि घरातले ध्वनिमुद्रण : आधी खोली, मग अंतर, शेवटी यंत्र

आजीच्या तोंडच्या ओव्या, वाड्यावरच्या भजनी मंडळाचा अभंग, धालोची किंवा फुगडीची गाणी आता घरोघरी मोबाईलवर मुद्रित होऊ लागली आहेत. त्यापुढचे पाऊल म्हणून अनेक जण एखादा कमी किमतीचा कंडेन्सर मायक्रोफोन विकत घेतात आणि पहिल्याच आठवड्यात निराश होतात. आवाज विहिरीतून आल्यासारखा घुमतो, पंख्याची घरघर गाण्यावर चढते, रस्त्यावरून गेलेली दुचाकी अभंगाच्या मधोमध धावते. माईक स्वस्त होता म्हणून असे झाले, असा निष्कर्ष काढून तो कपाटात ठेवला जातो.

हा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो. कंडेन्सर माईक स्वभावतःच संवेदनशील असल्यामुळे खोलीतले सारे काही तो इमानाने टिपतो. महागडा माईकही त्याच खोलीत, त्याच अंतरावर ठेवला तर तीच घरघर आणि तोच घुमारा टिपेल. म्हणून घरगुती ध्वनिमुद्रणात पहिला विचार खोलीचा, दुसरा अंतराचा आणि शेवटचा यंत्राचा करावा.

महाराष्ट्राबाहेरची मराठी आणि घरचा माईक

हा विषय केवळ हौशी गायकांपुरता नाही. बीदर जिल्ह्याच्या औराद तालुक्यातील चिंताकीचेच उदाहरण घ्यावे. बीदर जिल्हा पूर्वी हैदराबाद संस्थानात होता. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. महाराष्ट्र आणि तेलंगण या दोन्ही राज्यांच्या सीमेला लागून असलेल्या या तालुक्यातली मराठी कन्नड, तेलुगू आणि दखनी यांच्या शेजारात वाढलेली आहे. तिचे हेल, तिचे शब्द, तिच्या ओव्यांच्या चाली पाठ्यपुस्तकात सापडत नाहीत. सत्तरी, पेडणे किंवा डिचोलीतल्या वाड्यांवरची मराठी गाणीही अशीच कोकणीच्या सोबतीने जगलेली आहेत. दोन्ही ठिकाणी हाकेच्या अंतरावर स्टुडिओ नाही, आणि वृद्ध गायिकेला शहरात नेऊन काचेच्या खोलीत बसवले तर ती मोकळेपणाने गाईलच असे नाही. अशा वेळी घरच्या ओसरीवरचा साधा माईक हाच त्या आवाजाचा एकमेव दस्तऐवज ठरू शकतो.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी उभारलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. त्यातल्या बहुसंख्य कागदावर उतरल्या. प्रत्यक्ष आवाजात मुद्रित झालेल्या मात्र त्या मानाने फारच थोड्या आहेत. ओवी लिहून ठेवता येते. तिचा हेल, श्वास आणि ओळीच्या शेवटचा लांबवलेला स्वर मात्र लिहिता येत नाही.

माईकच्या पोटात काय असते

कंडेन्सर माईकमध्ये अतिशय पातळ, धातूचा मुलामा दिलेला एक पडदा असतो आणि त्याच्या मागे अगदी जवळ एक स्थिर धातूची चकती असते. आवाजाच्या लहरींनी पडदा हलला की दोहोंतले अंतर बदलते, त्याबरोबर त्यांची विद्युत धारिता बदलते आणि त्या बदलाचे रूपांतर विद्युत संकेतात होते. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीतील ई. सी. वेंटे यांनी १९१६ मध्ये असा माईक प्रथम तयार केला. पडदा अत्यंत हलका असल्यामुळे तो सूक्ष्म ध्वनीलाही प्रतिसाद देतो. सभांमध्ये हातात धरून बोलतात तो डायनॅमिक माईक तारेच्या वेटोळ्यावर चालतो. त्याची हालचाल जड असल्याने तो दूरचे बारीक आवाज कमी टिपतो.

कंडेन्सरला बाहेरून वीज लागते. स्टुडिओच्या पद्धतीत ती माईकच्या केबलमधूनच ४८ व्होल्टच्या रूपाने येते आणि तिला ‘फँटम पॉवर’ म्हणतात. १९६२ मध्ये बेल प्रयोगशाळेतील गेरहार्ड सेस्लर आणि जेम्स वेस्ट यांनी कायमस्वरूपी विद्युतभारित पडद्याचा ‘इलेक्ट्रेट’ माईक शोधला. कंडेन्सर स्वस्त झाला तो या शोधामुळे.

विकत घेताना

बाजारात साधारण तीन प्रकार आढळतात.

पहिला, ‘बीएम-८००’ या नावाने सर्वत्र मिळणारा आणि त्यासारखा दिसणारा माईक. दिसायला तो स्टुडिओतल्या मोठ्या माईकसारखा असला तरी अशा बहुतेक माईकच्या आत छोटी इलेक्ट्रेट कॅप्सूल असते. त्याच्या सोबतच्या केबलची पिन थेट मोबाईलमध्ये घातली तर बहुधा आवाजच येत नाही, कारण मोबाईलच्या पिनेची जोडणी वेगळी असते. ४८ व्होल्टचा स्वतंत्र अडॅप्टर जोडल्यास हा माईक पुष्कळ सुधारतो.

दुसरा, यूएसबी कंडेन्सर. तो लॅपटॉपला थेट जोडता येतो आणि अनेक मोबाईलना ओटीजी जोडणीने चालतो. एकच व्यक्ती गाणार किंवा बोलणार असेल तर नवख्यासाठी हाच सोयीचा.

तिसरा, एक्सएलआर जोडणीचा माईक आणि सोबत ऑडिओ इंटरफेस. खर्च वाढतो; पण पुढे माईक बदलायचा किंवा दुसरा जोडायचा झाल्यास इंटरफेस तोच राहतो.

कोणताही घ्या, तो ‘कार्डिऑइड’ आहे याची खात्री करावी. असा माईक समोरचे अधिक आणि पाठीमागचे सर्वांत कमी ऐकतो. शिवाय स्टँड, हवा अडवणारी जाळी आणि कान झाकणारे हेडफोन या तीन वस्तूंसाठी पैसे राखून ठेवावेत. सगळी रक्कम माईकवरच खर्च केली तर माईक टेबलावर आडवा ठेवावा लागतो, आणि मग त्याच्या दर्जाला काही अर्थ उरत नाही.

आकडे काय सांगतात

प्रत्येक कंडेन्सर स्वतःही थोडा ‘सूंऽ’ असा आवाज निर्माण करतो. रोड कंपनीच्या एनटी१-ए या नावाजलेल्या माईकचा हा आवाज ५ डेसिबल आहे, तर ऑडिओ-टेक्निकाच्या तुलनेने स्वस्त एटी२०२० चा २० डेसिबल. कागदावर हा फरक मोठा दिसतो. पण रात्रीच्या शांत घरातही आसपासच्या आवाजाची पातळी सुमारे ३० ते ३५ डेसिबल असते आणि पंखा लावला की ती ४५ ते ५० च्या घरात जाते. म्हणजे दोन्ही माईकचे स्वतःचे आवाज खोलीच्या आवाजाखाली बुडून जातात. पंखा बंद केल्याने जवळजवळ १५ डेसिबलचा लाभ होतो. महाग माईक घेतल्याने या खोलीत काहीच होत नाही. अगदी तळाच्या किमतीच्या माईकमध्ये ‘सूंऽ’ अधिक असते आणि शांत खोलीत ती ऐकू येते, एवढा अपवाद लक्षात ठेवावा.

गोव्याच्या वाचकांना याचे एक उदाहरण जवळचे आहे. फोंडा तालुक्यातील केरीच्या केसरबाई केरकर यांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ मध्ये ‘व्हॉयेजर’ यानांवरील सुवर्णतबकडीतून अंतराळात गेली. ती ज्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर होती, तिची मूळची खरखर आजच्या कोणत्याही स्वस्त माईकपेक्षा कितीतरी अधिक. तरीही ते ध्वनिमुद्रण टिकले, कारण आवाज यंत्राच्या पुरेसा जवळ आणि ठसठशीत होता.

खोली : गोधडी, घोंगडी आणि कापसाची गादी

विजापूरच्या गोलघुमटात सुमारे ४४ मीटर व्यासाच्या घुमटाखाली उच्चारलेला शब्द पुन्हा पुन्हा परत येतो. आपल्या सिमेंटच्या स्लॅबच्या, फरशीच्या, मोकळ्या भिंतींच्या खोलीत हेच लहान प्रमाणावर घडते. खोलीच्या मध्यभागी उभे राहून एक टाळी वाजवावी. टाळीनंतर ‘टिंग्ग’ असा शेपटासारखा आवाज रेंगाळला, तर ती खोली तशीच वापरण्याजोगी नाही.

बीदरकडची जुनी माळवदाची घरे या बाबतीत भाग्यवान आहेत. जाड मातीच्या भिंती, लाकूड आणि मातीचे छत, भिंतीशी रचलेली पोती आणि अंथरुणे यामुळे आवाज फारसा घुमत नाही आणि बाहेरचाही कमी शिरतो. गोव्यातल्या कौलारू घरात छत उंच व सच्छिद्र असल्याने घुमारा बेताचा असतो, पण बाहेरचा आवाज सहज आत येतो. पत्र्याचे छप्पर दोन्हीकडे वाईट : उन्हात ते तडतडते आणि पावसात बोलूच देत नाही.

उपाय घरातच असतात. गायक ज्या भिंतीकडे पाठ करून बसतो तिच्यावर जाड गोधड्या टांगाव्यात, कारण माईकचे तोंड त्याच दिशेला असते. गोधडी भिंतीला चिकटवण्याऐवजी चार बोटे पुढे टांगली तर ती अधिक आवाज शोषते. खाली सतरंजीवर घोंगडी अंथरावी. कापसाची गादी उभी करून ठेवली तर तिच्याइतका स्वस्त आणि प्रभावी शोषक दुसरा नाही. कपड्यांनी भरलेल्या उघड्या कपाटासमोर बसणे हाही सोपा मार्ग आहे. पातळ पडद्यांनी केवळ वरचे स्वर थोडे मवाळ होतात. भिंतीवर अंड्यांचे ट्रे चिकटवण्याची पद्धत लोकप्रिय असली तरी निरुपयोगी आहे, कारण एवढ्या पातळ पुठ्ठ्यात आवाज शोषण्याची ताकद नसते.

वेळ निवडणेही महत्त्वाचे. खेड्यात वीज गेली की पंखे, फ्रिज, दूरदर्शन, पिठाची गिरणी आणि विहिरीवरचे पंप एकदम गप्प होतात. चार्ज केलेला लॅपटॉप आणि यूएसबी माईक असेल तर हीच ध्वनिमुद्रणाची उत्तम घटका. लॅपटॉप चार्जरवर नसल्याने विजेची ५० हर्ट्झची ‘घूंऽ’ही नाहीशी होते.

अंतर आणि कोन

तोंड आणि माईक यांतले अंतर निम्मे केले की थेट आवाज ६ डेसिबलने वाढतो. खोलीचा घुमारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. ६० सेंटिमीटरवरून १५ सेंटिमीटरवर आल्यास १२ डेसिबलचा लाभ होतो. बोलण्यासाठी किंवा हळू गाण्यासाठी १५ ते २० सेंटिमीटर, म्हणजे अंगठा व करंगळी ताणून होणारी एक वीत, हे अंतर योग्य. खुल्या आवाजात गाणाऱ्यासाठी दोन विती. त्याहून फार जवळ गेल्यास कार्डिऑइड माईक खर्जाचे स्वर फुगवतो आणि आवाज मडक्यात बोलल्यासारखा होतो.

मोठ्या कंडेन्सरचे तोंड टोकाला नसून बाजूला असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. सामान्यतः ज्या बाजूला कंपनीचे चिन्ह असते ती समोरची बाजू. माईक उभा ठेवून त्या बाजूसमोर बोलावे.

मराठी उच्चारांची दोन वैशिष्ट्ये येथे अडचणीची ठरतात. फ, भ, प, ब या ओष्ठ्य वर्णांबरोबर हवेचा झोत पडद्यावर आदळून ‘धप्प’ असा आवाज येतो. ‘भजन’, ‘भक्ती’, ‘फुले’ हे शब्द त्यामुळे बिघडतात. भरतकामाच्या रिंगवर जुन्या नायलॉनच्या पायमोज्याचे कापड ताणून ते माईकपुढे चार बोटांवर ठेवले की हा दोष जातो. दुसरे, स्वस्त कंडेन्सर बहुधा वरचे स्वर उजळ करतात आणि त्यामुळे स, श तसेच ‘चमचा’, ‘जहाज’ यांतले दंत्य च व ज टोचतात. तोंड माईकच्या थेट समोर न ठेवता २० ते ३० अंश बाजूला वळवले तर हवा आणि हा टोचरेपणा दोन्ही कमी होतात.

भजनी मंडळ आणि एकच माईक

१९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग यांनी कोलकात्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले तेव्हा माईकच नव्हता. कर्ण्यात गावे लागे आणि साथीदारांना त्यांच्या वाद्याच्या जोरानुसार पुढेमागे बसवले जाई. एका माईकवर मंडळ मुद्रित करताना आजही तेच तत्त्व लागू पडते.

बैठकीत माईक बसलेल्या गायकाच्या ओठांच्या उंचीवर ठेवावा. मुख्य गायक सुमारे अर्ध्या मीटरवर, हार्मोनियम एक मीटरवर किंचित बाजूला, पखवाज दीड मीटरवर, साथीचे गायक त्यामागे अर्धवर्तुळात, आणि झांजा सर्वांत दूर. झांजांचा तीक्ष्ण ध्वनी स्वस्त माईकला सर्वाधिक खुपतो. म्हणून झांजवादक माईकच्या पाठीमागे बसवला तरी चालतो; तेथेही तो पुरेसा ऐकू येतो. मग अर्ध्या मिनिटाचा नमुना घ्यावा, हेडफोनवर ऐकावा आणि बटणे फिरवण्याऐवजी माणसे पुढेमागे सरकवावीत. मुद्रित झाल्यावर एका माईकमधले पखवाज आणि गळा वेगळे करणे घरगुती साधनांनी धड जमत नाही. तोल बैठकीतच साधावा लागतो.

एक मर्यादाही सांगितली पाहिजे. सप्ताहाच्या मंडपात, चवथीच्या आरतीच्या गर्दीत किंवा कर्णे वाजत असताना कंडेन्सर कामाचा नाही. तेथे साधा डायनॅमिक माईक तोंडाजवळ धरणे अधिक श्रेयस्कर.

जात्यावरच्या ओव्या

जात्याची घरघर हा येथे गोंगाट मानू नये. ओवीची लय तिच्यावरच चालते. पण जात्याचा कंप जमिनीतून स्टँडमध्ये चढतो. म्हणून स्टँडच्या पायांखाली घडी घातलेली घोंगडी ठेवावी आणि माईक जात्याकडे न वळवता गाणारीच्या तोंडाच्या किंचित वरून, दोन विती अंतरावर तिरका धरावा. एकदा जात्यासह आणि एकदा जाते थांबवून, अशा दोन प्रती घ्याव्यात. पहिलीत परंपरा राहते आणि दुसरीत शब्द स्पष्ट राहतात. वृद्ध गायिकेला मध्येच थांबवून पुन्हा गायला लावू नये. चुकलेला शब्द नंतर विचारून वहीत टिपता येतो.

पातळी, धारिका आणि नोंद

सर्वांत मोठ्या आवाजालाही मीटरचा काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील इतकाच गेन ठेवावा. २४ बिटच्या मुद्रणात हळू आवाज नंतर वाढवता येतो, मात्र शून्यावर आदळून फाटलेला आवाज दुरुस्त होत नाही. मोबाईल किंवा संगणकातील ‘आपोआप पातळी’ आणि ‘गोंगाट कमी करा’ या सोयी बंद कराव्यात. तानपुऱ्याचा नाद आणि ओळीच्या शेवटचा विरणारा स्वर त्या गोंगाट समजून कापतात.

एक्सएलआर माईक वापरताना आधी केबल जोडावी, मग फँटम पॉवर सुरू करावी. काढताना उलट क्रम. प्रारंभी गाणाऱ्या व्यक्तीचे नाव, गाव, तारीख आणि गाण्याचा प्रसंग तोंडी मुद्रित करावा, आणि ध्वनिमुद्रण कोठे वापरले जाणार हे सांगून तिची संमतीही. त्यानंतर १५ सेकंद सर्वांनी शांत राहावे. ही शांतता पुढे सफाईच्या वेळी खोलीचा आवाज ओळखण्यासाठी उपयोगी पडते.

मूळ प्रत ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, डब्ल्यूएव्ही स्वरूपात ठेवावी. एका वाहिनीसाठी मिनिटाला सुमारे ८.६ मेगाबाइट, म्हणजे तासाला अर्धा गिगाबाइट जागा लागते. एमपी३ केवळ पाठवण्यासाठी करावी. प्रत्येक ध्वनिमुद्रणाच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या घरी.

पावसाळा आणि धूळ

गोव्याच्या पावसाळ्यात कंडेन्सरचा मोठा शत्रू ओलावा. पडदा आणि चकती यांच्यात बाष्प साचले की तडतड सुरू होते किंवा आवाज अधूनमधून बुडतो. वापरानंतर माईक घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा आणि जेलचा रंग बदलला की पुड्या बदलाव्यात. वातानुकूलित खोलीतून दमट हवेत आणलेला माईक अर्धा तास तसाच राहू द्यावा. तडतड आली म्हणून तो लगेच टाकून देऊ नये. दोन दिवस कोरड्या डब्यात ठेवल्यास पुष्कळदा तो पूर्ववत होतो. उन्हात किंवा हेअर ड्रायरने वाळवणे मात्र घातक. बीदर–कलबुर्गीच्या कोरड्या पठारावर अडचण उलटी : तेथे खळ्याच्या दिवसांतली धूळ जाळीतून आत शिरते. माईक स्टँडवर उभा राहणार असेल तर वापर नसताना त्यावर कापडी पिशवी घालावी. जाळीवर फुंकर मारू नये. थुंकीचा ओलावा थेट पडद्यावर जातो.

गोधड्या, घोंगडी आणि गादी बहुतेक घरांत असतातच. थोडा खर्च जाळी, स्टँड आणि हेडफोनवर होतो. वीतभर अंतर पाळण्यास आणि पंखा बंद करण्यास काहीच लागत नाही. एवढे केले तर स्वस्त माईकवर टिपलेला आवाज नातवंडांनाही स्पष्ट ऐकू येईल. अधिक चांगला माईक पुढच्या वर्षी घेता येतो. ऐंशी वर्षांच्या आजीचे ध्वनिमुद्रण मात्र पुढच्या वर्षावर टाकू नये.